विहीर आपली, पाणी कुणाचं? आटत्या विहिरींवर गावं बागा कशा जगवतात

मार्च उजाडला की मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात एक उलटं दृश्य दिसायला लागतं. एरवी टँकर विहिरीवर भरायला येतो. इथे भरलेला टँकर शेतात येतो आणि विहिरीत किंवा शेततळ्यात रिकामा होतो. विकत घेतलेलं पाणी, तेही बागेसाठी.

ज्वारीचं पीक गेलं तर एक हंगाम जातो. मोसंबीची बाग गेली तर नवीन बाग लावून फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. म्हणून कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून लोक टँकर आणतात. तरीही सगळ्या बागा वाचत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. अनेक शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने झाडं तोडून सरपणाला लावली.

पण त्याच दुष्काळात, तेवढ्याच पावसात काही गावांच्या विहिरींना पाणी होतं. या गावांनी वेगळं काय केलं होतं? जास्त खोल खणलं होतं का? तर नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर खोलीत नसून गावाने आपसात केलेल्या ठरावात सापडतं.

आधी खडक समजून घ्या

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्ट या काळ्या खडकावर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस एकावर एक पसरत गेला आणि भाकऱ्यांच्या चळतीसारखे थर तयार झाले. या खडकात वाळूसारखी मोकळी जागा नसते. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांदीत. त्याखालचा अखंड काळा पाषाण पाणी जवळजवळ धरतच नाही.

याचे दोन परिणाम होतात.

पहिला म्हणजे साठा छोटा असतो. गंगेच्या गाळाच्या मैदानात शेकडो फूट जाडीचे वाळूचे थर वर्षानुवर्षांचं पाणी धरून ठेवतात. दख्खनच्या साध्या विहिरीत मुख्यतः याच वर्षीच्या पावसाचं पाणी असतं. पावसाळ्यात साठा भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत संपत येतो. म्हणूनच आपल्याकडे विहिरीची ओळख तिच्या महिन्यांवरून सांगतात. पाणी वर्षभर टिकलं तर बारमाही, माघ-फाल्गुनाकडे तळ दिसायला लागला तर आठमाही.

दुसरा परिणाम म्हणजे बांध जमिनीवर असतात, जमिनीखाली नसतात. तुमच्या विहिरीतलं पाणी शेजाऱ्याच्या शेताखालून आलेलं असतं आणि पुढच्याच्या शेताखाली निघालेलं असतं. एकाच माठात चौघांनी पेला बुडवावा तसा हा प्रकार आहे. मोठा पेला असणारा जास्त घेतो आणि माठ सगळ्यांचाच लवकर रिकामा होतो.

मग बोअर मारलं तर? बोअर खोलवरच्या भेगांमधलं पाणी उपसतं. त्या भेगा भरायला फार वेळ लागतो. शिवाय वरच्या थरातलं पाणी बोअरवाटे खाली झिरपून आजूबाजूच्या उथळ विहिरी कोरड्या पडू शकतात. पाणाड्याने जागा दाखवली, २०० फुटांवर पाणी लागलं, दोन वर्षांनी ते आटलं, मग ४०० फूट, मग ६०० फूट. ही शर्यत गावोगाव झाली आहे. तिच्यात सगळ्यात आधी बाद होतो तो पुढचं बोअर न परवडणारा अल्पभूधारक.

मोटेच्या काळात ब्रेक बैलांच्या हातात होता

विहिरीवरची बाग ही काही आजची गोष्ट नाही. जुन्या महसुली भाषेत बागायतीचे दोन प्रकार होते. पाटाच्या पाण्यावर भिजणारी ती पाटस्थळ आणि विहिरीवर मोट चालवून भिजवलेली ती मोटस्थळ. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर याचा भव्य नमुना आहे. वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली. ती बांधली होती आमराईला पाणी देण्यासाठी.

सामान्य शेतकऱ्याची विहीर मात्र एका किंवा दोन मोटांची. चामड्याची मोट नाड्याने बांधायची, बैल धावेवरून उताराला न्यायचे, मोट वर आली की पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटाने वाफ्यात. या पद्धतीत उपशावर आपोआप मर्यादा होती. बैल दमले की मोट सुटायची. रात्रभर विहिरीला विश्रांती मिळायची आणि झऱ्यांचं पाणी पुन्हा भरायचं.

आधी डिझेल इंजिन आणि मग विजेची मोटर आली आणि हा ब्रेक निघाला. मोटर दमत नाही. आता तर राज्य सरकारने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली आहे. शेतकऱ्याचं बिलाचं ओझं उतरलं, ही चांगलीच गोष्ट. पण पाणी उपसण्याचा खर्च जवळपास शून्य झाला की कमी उपसण्याचं एक कारणही संपतं. पूर्वी बैल जे काम नकळत करायचे, ते आता माणसांना ठरवून करावं लागतं.

सामाईक विहीर: आणे, पाळी आणि घड्याळ

ठरवून पाणी वाटण्याची सगळ्यात जुनी आणि आजही चालू असलेली पद्धत म्हणजे सामाईक विहीर.

आजोबांनी खणलेली एक विहीर, पुढे तीन भाऊ, मग त्यांची मुलं. जमीन वाटली गेली तरी विहीर कापून वाटता येत नाही. म्हणून हिस्से पडतात आणि ते आण्यांत मोजतात. विहीर म्हणजे एक रुपया, म्हणजे १६ आणे. एकाचा आठ आणे हिस्सा, दुसऱ्याचा चार आणे, तिसऱ्याचा चार आणे. चलनातून आणे जाऊन कित्येक दशकं झाली, पण विहिरीच्या बोलण्यात ते अजून आहेत. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात हे हिस्से नोंदवता येतात.

हे आणे प्रत्यक्षात दिवसांमध्ये बदलतात. समजा आठ दिवसांचा फेरा ठरला. मग आठ आणेवाल्याला चार दिवस आणि चार आणेवाल्यांना दोन-दोन दिवस. यालाच पाण्याची पाळी म्हणतात. गाळ काढायचा, कठडा बांधायचा किंवा आडवं बोअर मारायचं झालं तर खर्चही त्याच आण्यांच्या हिशेबाने होतो.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी कसोटी बारीक नियमांत लागते.

माझ्या पाळीत वीज गेली तर? काही ठिकाणी पाळी बुडाली ती बुडाली. काही ठिकाणी तास मोजून भरपाई मिळते. शेतीला एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री वीज असेल, तर रात्रीची पाळी सतत एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून फेरा सरकवावा लागतो. रात्री विंचू-काट्यात दारं धरणं आणि दिवसा दारं धरणं हे सारखं काम नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

माझ्या पाळीच्या आदल्या दिवशी दुसऱ्याने तळ गाठेपर्यंत उपसा केला तर? म्हणून जाणती घरं ‘मोटर किती तास’ एवढंच ठरवत नाहीत. ‘पाणी कोणत्या खुणेपर्यंत खाली न्यायचं’ हेही ठरवतात. विहिरीच्या बांधकामातला एखादा दगड ही खूण असते. तिथे पाणी आलं की मोटर बंद.

पण सामाईक विहिरीची एक मोठी कमजोरी आहे. पाळी फक्त त्या विहिरीच्या हिस्सेदारांवर बंधनकारक असते. पन्नास पावलांवर शेजाऱ्याने बोअर मारलं, तर आण्यांचा सगळा हिशेब कोसळतो. तीन भावांचा करार चोख असूनही विहीर कोरडी पडू शकते. कारण पाणी तीन भावांचं नसून अख्ख्या शिवाराचं असतं.

कायदा काय म्हणतो?

इथे कायद्याची जुनी गाठ आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचं पाणी काढण्याचा आणि वापरण्याचा अधिकार मानला गेला. थोडक्यात, ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याचा पंप मोठा त्याचं पाणी, आणि ज्याला जमीन नाही त्याला काहीच नाही.

महाराष्ट्राने यावर दोनदा बंधन आणायचा प्रयत्न केला. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घ्यायला परवानगी आवश्यक केली. नंतर २००९ चा भूजल अधिनियम आला आणि २०१४ मध्ये तो लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि पाण्यानुसार पीक आराखडा करण्याची तरतूद आहे.

पण रात्रीतून बोअर मारणारी गाडी अडवायला प्रत्येक शिवारात सरकारी माणूस उभा राहू शकत नाही. ती अडवू शकतात फक्त गावातली माणसं. आणि तीही तेव्हाच अडवतात, जेव्हा अडवण्यात आपलं हित आहे हे त्यांना दिसतं.

गावाच्या पाण्याचा ताळेबंद म्हणजे काय?

हे हित दिसावं म्हणून करायची गोष्ट म्हणजे ताळेबंद. घरखर्चासारखाच हा हिशेब असतो, फक्त रुपयांच्या जागी लिटर.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा एका गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आहे आणि वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर. म्हणजे गावावर ४०० कोटी लिटर पाणी पडलं. आकडा ऐकून वाटतं, मग दुष्काळ कसला?

पण यातलं बरंचसं पाणी वाहून जातं, बाष्प होऊन उडतं किंवा मातीत राहून खरिपाच्या पिकाला लागतं. बेसॉल्टच्या प्रदेशात विहिरींपर्यंत पोहोचणारं पाणी ढोबळमानाने १० टक्के धरू. उरले ४० कोटी लिटर.

आता खर्च. गावाची लोकसंख्या २,००० धरू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर दिले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर. जनावरं १,००० धरली आणि प्रत्येकाला रोज ५० लिटर, तर आणखी पावणेदोन-दोन कोटी. शेतीसाठी राहिले साधारण ३४ कोटी लिटर.

आता खरा प्रश्न येतो. एक हेक्टर उसाला पाटाने पाणी दिलं तर वर्षभरात २ कोटी लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे गावाचं सगळं पाणी १७ हेक्टर उसात संपतं. रब्बी ज्वारीला दोन-तीन पाण्यांत हेक्टरी सुमारे २० लाख लिटर लागतात. म्हणजे त्याच पाण्यात १७० हेक्टर ज्वारी भिजते. १७ हेक्टर कदाचित पाच-सात घरांचे असतील. १७० हेक्टरमध्ये गावातली बहुतेक घरं येतात.

या उदाहरणातले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गावाचा खडक, उतार आणि पाऊस वेगळा, त्यामुळे आकडे बदलतील. पण गणिताची जात बदलत नाही. विहिरी किती यापेक्षा पीक कोणतं, यावर पाणी किती दिवस टिकणार हे ठरतं.

हिवरे बाजारने नेमकं काय ठरवलं?

हे गणित चावडीवर मांडणारं सगळ्यात परिचित गाव म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. वर्षाचा पाऊस साधारण ४०० मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० च्या दशकात, गावाने डोंगरावर चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. एवढं अनेक गावांनी केलं आहे. हिवरे बाजारचं वेगळेपण त्यानंतरच्या पायरीत आहे.

पाणी अडल्यावर विहिरी भरल्या. सर्वसाधारणपणे इथेच गावं घसरतात. पाणी दिसलं की ऊस येतो आणि पाच वर्षांत विहिरी पुन्हा पहिल्यासारख्या होतात. हिवरे बाजारने ऊस आणि केळीसारखी पाणीखाऊ पिकं घ्यायची नाहीत आणि शेतीसाठी बोअर मारायचं नाही, असं ठरवलं. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसं, मग जनावरं आणि मग शेती. पाऊस कमी झाला असेल तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं आणि उन्हाळी पीक घ्यायचं नाही, हे सगळ्यांसमोर ठरतं. कांदा, भाजीपाला, चारा आणि दूध यावर गावाचं अर्थकारण उभं आहे.

इथे कुणी म्हणेल, एवढं ऐकणारे लोक सगळीकडे कुठून आणायचे? रास्त प्रश्न आहे. पण हिशेब सगळ्यांसमोर झाला की एक फरक पडतो. आकडा कुणा एकाचा राहत नाही. आपण सोडलेलं पाणी शेजारी उपसणार नाही, ही खात्री मिळाली की माणूस पाणी सोडायला तयार होतो. खात्री नसेल तर कमी उपसणारा शेतकरी शहाणा न ठरता मूर्ख ठरतो. सगळी भांडणं या एका खात्रीभोवती फिरतात.

आंध्र प्रदेशातही असा प्रयोग झाला. तिथल्या ७ दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पर्जन्यमापक वाचले, बोअरची पातळी मोजली आणि हंगामाआधी गावाचा ताळेबंद मांडला. पीकबंदी कुणी लादली नव्हती. आकडे समोर आल्यावर अनेकांनी भाताऐवजी कमी पाण्याची पिकं घेतली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेतही गावपातळीवरचा ताळेबंद हाच पाया ठेवला आहे आणि महाराष्ट्र त्या ७ राज्यांपैकी एक आहे.

ज्याच्याकडे विहीरच नाही त्याचं काय?

ताळेबंदात एक गोष्ट निसटू शकते. पाणी वाचलं, पण ते विहीरवाल्यांसाठीच वाचलं. भूमिहीन आणि विहीर नसलेल्या घरांनी डोंगरावर श्रमदान करायचं आणि पाणी मात्र खालच्या शेतांच्या विहिरीत उतरायचं, हा अन्याय अनेक पाणलोट कामांत झाला आहे.

याला थेट भिडणारा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर इंजिनिअर असलेले विलासराव साळुंखे नायगावात आले. देवस्थानची ४० एकर पडीक जमीन घेऊन त्यांनी पाणी मुरवण्याचं काम केलं. वर पाझर तलाव, त्याखाली विहीर आणि तिथून पाणी पुन्हा वरच्या शेतांना. यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत विकला जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा सभासदांनी स्वतः उचलायचा आणि पाणी सोडायला पाटकरी नेमायचा, म्हणजे कुणी रात्री गुपचूप दारं फोडणार नाही.

यातल्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत. पण १८८२ च्या कायद्याने बांधलेली पाणी आणि सातबारा यांची गाठ सोडवता येते, हे पुरंदरने दाखवून दिलं.

बागायतदार झाडाशी कसा वाटाघाट करतो?

गावाचा करार एका बाजूला, पण बागेत रोजचा हिशेब शेतकऱ्यालाच करावा लागतो. त्याचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे बहार निवडणं.

डाळिंबाला वर्षात तीनदा फुलवता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबे बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. त्यासाठी आधी पाणी तोडून झाडाला ‘ताण’ देतात. पानं गळतात, छाटणी होते आणि मग पहिलं पाणी दिलं की झाड फुलतं. फळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात.

आता विहिरीच्या नजरेने बघा. आंबे बहार धरला तर ऐन एप्रिल-मेमध्ये झाडावर फळ असतं आणि तेव्हाच विहिरीचा तळ दिसतो. फळाची प्रत चांगली मिळते, पण विहीर बारमाही हवी. मृग बहारात सुरुवातीचं काम पाऊस करतो. पाणी वाचतं, पण दमट हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो. म्हणजे सांगोला किंवा आटपाडीचा शेतकरी बहार निवडतो तेव्हा तो पाणी, रोग आणि बाजारभाव हे तिन्ही एका तराजूत तोलत असतो.

पाणी किती आहे हे कसं कळतं? साधा हिशेब आहे. विहिरीचा व्यास ८ मीटर असेल तर एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ५० हजार लिटर. रात्रभरात विहीर एक मीटर भरत असेल तर रोजचं उत्पन्न ५० हजार लिटर. डाळिंबाच्या एकरी सुमारे ३०० झाडांना उन्हाळ्यात ठिबकने रोज ४० लिटर धरले, तर एकराला १२ हजार लिटर लागतात. म्हणजे अशी विहीर चार एकर बाग ओढते. पाचवा एकर लावला तर तो टँकरवर जगणार. १२ हजार लिटर म्हणजे रोजचा जवळपास एक टँकर. हा हिशेब रोप लावण्याआधी करायचा असतो, झाडं मोठी झाल्यावर नाही.

आणि पाऊसच दगा देऊन गेला तर? मग जुने शेतकरी एक कठोर निर्णय घेतात. या वर्षी बाग पिकवायची नाही, फक्त जगवायची. बहार सोडून द्यायचा, लागलेली फळं काढून टाकायची, हलकी छाटणी करून पानं कमी करायची, बुंध्याभोवती उसाचं पाचट किंवा गवताचं आच्छादन घालायचं. काही जण झाडाजवळ मडकं पुरून त्यातून पाणी पाझरू देतात. वर्षाचं उत्पन्न जातं, पण झाड राहतं.

शेततळं हे उत्तर आहे का?

अर्धंच. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने आधी पाणलोटाचं काम केलं आणि मग शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या केल्या. पावसाळ्यातलं वाहून जाणारं पाणी शेततळ्यात साठवलं तर ते गावाच्या साठ्यात भर घालतं.

पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरलं, तर नवीन पाणी तयार होत नाही. सगळ्यांच्या माठातलं पाणी फक्त एकाच्या हंड्यात जातं. तेही उघड्यावर. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून ऐन उन्हाळ्यात रोज ८ ते १० मिलिमीटर पाणी उडालं, तर ते सुमारे ८ हजार लिटर होतं. वरच्या हिशेबाने दोन-तृतीयांश एकर डाळिंबाचं एका दिवसाचं पाणी. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आल्यापासून अभ्यासक हाच प्रश्न विचारत आले आहेत की तळं पावसाने भरतंय की पंपाने?

मग टिकणारी व्यवस्था कशी ओळखायची?

वरच्या सगळ्या उदाहरणांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

मोजमाप उघड असतं. पाऊस आणि विहिरीची पातळी गावाच्या फळ्यावर असते, कुणाच्या वहीत नाही.

नियम पंपाआधी पिकावर असतो. मोटर किती तास चालली यावर रोज पहारा ठेवणं अवघड, पण शेतात ऊस उभा आहे की हरभरा हे रस्त्यावरून दिसतं. नियम पाळला की मोडला, हे सांगायला तपासनीस लागत नाही.

क्रम आधीच ठरलेला असतो. पिण्याचं पाणी, जनावरं, मग उभ्या बागा आणि शेवटी नवीन लागवड. टंचाईत क्रम ठरवायला बसलं की भांडण होतं.

विहीर नसलेल्याचाही वाटा असतो. ज्याला काहीच मिळत नाही, तो राखणही करत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निर्णयाची वेळ. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. यातला गावासाठी कामाचा आकडा ऑक्टोबरचा. पाऊस संपलेला असतो, विहीर सगळ्यात भरलेली असते आणि रब्बीची पेरणी व्हायची असते. तेव्हा कमी पेरलं तर नुकसान थोड्या बियाण्याचं आणि थोड्या कमाईचं होतं. हाच निर्णय एप्रिलपर्यंत लांबला तर उभं पीक सोडावं लागतं किंवा टँकर आणावा लागतो.

त्यामुळे आपल्या गावाची ग्रामसभा दसरा-दिवाळीच्या सुमारास होत असेल, तर तिथे रस्ता आणि दिव्यांसोबत आणखी एक विषय मांडता येईल. यंदा पाऊस किती पडला, विहिरींना किती फूट पाणी आहे आणि आपण त्यावर काय पेरणार आहोत? दोरीला दगड बांधून चार विहिरी मोजल्या तरी सुरुवात होते.